मुरलेला तवा, रुळलेली चप्पल

या वर्षात मी स्वतःसाठी तीन वस्तू घेतल्या: बिडाचा तवा, कोल्हापुरी चप्पल आणि शाईपेन. आणल्या त्या दिवशी तिन्हींपैकी एकही धड नव्हती. तव्यावरचं पहिलं घावन अक्षरशः खरवडून काढावं लागलं. चप्पल अंगठ्याला चावली. पेन कागदावर खरखरत होतं आणि शाई मधूनच रुसत होती. आज घावन आपण होऊन कडा सोडतं, चप्पल पायात असल्याचं लक्षातही येत नाही आणि वाणसामानाची यादीसुद्धा मी त्याच पेनानं लिहितो.

याच सुमाराला घरात नवा टीव्हीही आला. किमतीनं तो या तिघांच्या कितीतरी पुढे. पहिल्या संध्याकाळी सगळं घर त्याच्यासमोर बसून रंग किती खरे दिसतात याचं कौतुक करत होतं. महिन्याभरात टीव्ही दिसेनासा झाला, उरले फक्त त्यावरचे कार्यक्रम. टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. तो पहिल्या दिवशी होता तसाच आजही आहे, आणि माझ्या मते अडचण नेमकी तीच आहे.

काही वस्तू विकत घेतल्या त्या दिवशी सर्वात चांगल्या असतात आणि मग उतरणीला लागतात. काही वस्तू त्या दिवशी सर्वात वाईट असतात आणि मग सुधारत जातात. छोट्या खरेदीतून मिळणारा आनंद टिकणार की उडून जाणार, हे बऱ्याच अंशी आपण यातली कुठली वस्तू उचलली यावर ठरतं. हे कसं, ते आधी माणसाच्या मनाच्या बाजूनं आणि मग वस्तूंच्या बाजूनं पाहू.

नव्याचे नऊ दिवस

नवलाई ओसरते हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. पण ती किती आणि का ओसरते, याचा पद्धतशीर विचार अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ साली मांडला. माणूस सुखाच्या एका पातळीला पोचला की तीच त्याची नेहमीची पातळी होते, आणि तेवढंच सुख वाटण्यासाठी त्याला आणखी काहीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं. ट्रेडमिलवर असावं तसा पट्टा सरकत राहतो, माणूस चालत राहतो आणि असतो तिथेच राहतो.

१९७८ साली ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांशी बोलून पाहिलं आणि त्यांची तुलना तितक्याच सामान्य लोकांशी केली. भाग्यवान मंडळी इतरांपेक्षा फारशी सुखी निघाली नाहीत. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा चांगला विनोद अशा रोजच्या गोष्टींतला आनंद लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. मोठ्या घासानं लहान घासाची चव घालवली होती. हा अभ्यास अगदी लहान गटाचा होता. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी विजेत्यांच्या मोठ्या गटावर झालेल्या अभ्यासात पैशानं आयुष्याबद्दलचं समाधान वाढतं आणि ते बरीच वर्षं टिकतं, असं दिसून आलं. म्हणजे पैसा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मात्र एखाद्या ठरावीक वस्तूची आपल्याला सवय होते, ही गोष्ट त्यानं खोटी ठरत नाही.

सवय होणं हा मनाचा दोष नाही, ते त्याचं काम आहे. आपली इंद्रियं बदल टिपण्यासाठी घडलेली आहेत. अगरबत्तीचा वास खोलीत शिरताना येतो, दहा मिनिटांनी येत नाही. वास असतोच, पण नाक त्याची खबर द्यायचं थांबतं. जे बदलत नाही त्याच्याकडे लक्ष देणं मेंदूला परवडत नाही. टीव्ही दिसेनासा झाला तो असा.

हवंसं वाटणं आणि आवडणं

दुसरा घोटाळा खरेदीच्या आधीच होतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज १९८०च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर प्रयोग करत होते. मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवून टाकलेले उंदीर समोरचं अन्न खायला उठत नसत, उपाशी मरायची वेळ आली तरी नाही. तोवरची समजूत अशी की डोपामिन हे सुखाचं रसायन, तेव्हा या उंदरांना सुख वाटणंच बंद झालं असणार. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, तर ते नेहमीसारखे मिटक्या मारत. गोड त्यांना आवडत होतं, फक्त हवंसं वाटत नव्हतं. हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूची दोन वेगळी खाती आहेत, हे त्यातून पुढे आलं.

खरेदीच्या बाबतीत या दोन खात्यांची गल्लत आपण रोज करतो. वस्तू ‘कार्ट’मध्ये टाकताना, पार्सल कुठपर्यंत आलं ते दिवसातून चारदा पाहताना जी हुरहुर लागते ती पहिल्या खात्यातली. पार्सल फोडलं की तिचं काम संपतं. दुसऱ्या खात्यात काही जमा होईल की नाही, हे वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही. आणि हल्ली पैसे देण्याची बोचही बोथट झाली आहे. एमआयटीतल्या प्रिलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली दाखवून दिलं, की बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डवाल्यांनी लावलेली बोली रोख पैसे देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती. आपल्याकडे २०१६पासून यूपीआय आलं आणि पाचशेची नोट मोडताना हाताला जे जाणवायचं तेही गेलं. हवंसं वाटायला वारा घातला जातो, पैसे जाताना चटका बसत नाही, आणि आवडेल का हा प्रश्न विचारायला वेळच उरत नाही.

आता वस्तूंकडे वळू.

तवा: वस्तू बदलते

नॉनस्टिक तव्याची गोष्ट एका रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरपासून सुरू होते. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्युपाँ कंपनीतले रॉय प्लंकेट शीतकपाटासाठी नवा वायू शोधत होते. सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन केलं तर तो भरलेला. कापून पाहिलं तेव्हा आत पांढरी, बुळबुळीत भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन. त्यातले कार्बन आणि फ्लोरिन यांचे बंध इतके घट्ट असतात की त्याला दुसऱ्या कशाशी संग करायची गरजच भासत नाही, म्हणून त्याला काही चिकटत नाही. फ्रान्समध्ये १९५६ साली टेफाल कंपनी सुरू झाली आणि हा थर स्वयंपाकघरात शिरला. दुकानातून आणलेल्या नॉनस्टिक तव्यावर पहिलाच डोसा सुरेख निघतो. त्यानंतर मात्र प्रत्येक उलथनं, प्रत्येक घासणी आणि चुकून फार तापलेली प्रत्येक वेळ त्या थरातून थोडं थोडं कमी करत जाते. वाढत काहीच नाही.

बिडाच्या तव्याचं गणित याच्या बरोबर उलट. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असतं, त्यामुळे ते कडक असतं पण ठिसूळही. हातातून फरशीवर पडला तर तवा तडकतो, तापलेला असताना गार पाणी ओतलं तरीही. ॲल्युमिनियमच्या मानानं त्यातून उष्णता सावकाश पसरते, म्हणून तो तापायला वेळ घेतो. पण जड असल्यानं एकदा तापला की गार पीठ ओतल्यावर पटकन निवत नाही. घावनाला जाळी पडते ती या साठवलेल्या उष्णतेमुळे. पातळ पिठातल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती वर येताना भोकं पाडत जाते.

नवा तवा करड्या रंगाचा, हाताला खरबरीत. पीठ त्या खरबरीत पृष्ठभागात शिरून बसतं आणि सुटत नाही. कोकणात तवा मुरवायची रीत ठरलेली आहे: तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत तो भिजत ठेवायचा, खसखसून घासायचा, कोरडा करून तेल लावायचं, तापवायचा, त्यावर कांदा परतून टाकून द्यायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. यात चाललेलं रसायनशास्त्र रंगकाम करणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. जवसाचं तेल लाकडाला लावून ठेवलं की त्याचा कडक पापुद्रा होतो, व्हार्निश आणि तैलरंग यांचा पाया हाच. तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या आणि उष्णतेच्या साहाय्यानं एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची जाळी विणली जाते. तव्यावर नेमकं तेच होतं, फक्त उष्णतेमुळे फार लवकर होतं. खड्डे भरत जातात, काळा तुळतुळीत थर बसतो आणि लोखंडाला हवा लागेनाशी झाल्यानं गंजही थांबतो.

कुठलं तेल लावावं याचं उत्तरही यातच आहे. ज्यात असंपृक्त मेदाम्लं जास्त, त्याचा थर चांगला बसतो. खोबरेलात ती अगदी कमी, कारण त्यातली सुमारे नव्वद टक्के मेदाम्लं संपृक्त असतात. त्यामुळे घावनाच्या चवीला खोबरेल उत्तम असलं तरी थर बसवायला ते लंगडं पडतं. आपल्याकडचं करडईचं तेल या कामात तरबेज, कारण त्यात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या घरात असतं. जवसाचा थर आणखी कडक होतो, पण कधी कधी त्याचे पापुद्रे सुटतात. तेल कुठलंही असो, ते लावून पुसून घ्यायचं, आता काही उरलंच नाही असं वाटेपर्यंत. जास्त तेल राहिलं तर ते कडक न होता चिकट डिंकासारखं बसतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पुढे रोजच्या वापरात हेच आपोआप चालू राहतं. अर्धा कांदा उलथन्याच्या टोकाला किंवा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, किंवा त्यासाठी नारळाची शेंडी वापरायची. पीठ कडेकडून आत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि कडा आपण होऊन वर येईपर्यंत हात लावायचा नाही. प्रत्येक घावनामागे थरात कणभर भर पडते. पथ्यं फार नाहीत: चिंच, आमसूल, टोमॅटो असं आंबट त्यात शिजवायचं नाही, कारण आम्ल थर खातं, तारेच्या घासणीनं घासायचं नाही, धुतल्यावर ओला ठेवायचा नाही. मुरलेला तवा आई मुलीला देते तो याच कारणानं. विकत मिळणार नाही अशी वापराची काही वर्षं त्यात जमा झालेली असतात.

चप्पल: वस्तू आणि पाय एकमेकांना भेटतात

कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत शिरलं की कातड्याचा आणि तेलाचा वास आधी भेटतो. दुकानदार जोड पायात सरकवून देतो आणि सांगतो, ‘आत्ता आवळच घ्या, नंतर सैल पडते.’ तो बरोबर सांगत असतो, आणि त्यामागे कातडं कमावण्याची पद्धत आहे.

कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. तसंच ठेवलं तर ते कुजतं, वाळवलं तर लाकडासारखं होतं. त्यात टॅनिन मुरवलं की ते तंतूंना धरून ठेवतं आणि कातडं टिकाऊ होतं. कोल्हापुरीसाठी टॅनिन मिळतं बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून. बाजारातल्या बहुतेक चामड्यावर क्रोमियमच्या क्षारांची प्रक्रिया झालेली असते आणि ती एखाद्या दिवसात उरकते. साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायला काही आठवडे लागतात. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक असतं, पण दाब काढला की बरंचसं पूर्ववत होतं. वनस्पतींनी कमावलेलं चामडं सुरुवातीला ताठ असतं, मात्र ऊब, घाम आणि वजन यांचा आकार ते घेतं आणि धरून ठेवतं. काही महिन्यांनी तळव्यावर टाच, चवडा आणि अंगठा यांची खोलगट खूण उठते. मग ती चप्पल दुसऱ्याच्या पायाला नीट बसत नाही.

तोवर ती चावते. यावरचा जुना उपाय म्हणजे तिला तेल पाजणं. रात्री पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून तेलाचा हात फिरवायचा आणि सकाळपर्यंत मुरू द्यायचं. तेल तंतूंच्या मध्ये शिरतं, ते एकमेकांवरून सरकू लागतात आणि ताठरपणा जातो. पायही आपलं काम करतो, जिथे घासतं तिथली कातडी थोडी निबर होते. तडजोड दोन्ही बाजूंनी होते. पावसाळ्यात मात्र कोल्हापुरी काढून ठेवावी, कारण हे कातडं पाणी पितं, फुगतं आणि त्यावर बुरशी धरते.

पारंपरिक जोडात खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. कारागिरांच्या घरात कामाची वाटणी असते: तळ कापणं, ठोकणं बहुधा पुरुषांकडे, वेणी घालणं आणि नक्षीचं बारीक काम बहुधा बायकांकडे. कागल तालुक्यातल्या कापशी गावच्या नावानं ओळखला जाणारा प्रकार आजही मागितला जातो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या धंद्याला राजाश्रय मिळाला. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांचं मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून २०२५मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशीच चप्पल मंचावर आणली, तेव्हा गदारोळ झाला आणि भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. मंचावरची ती चप्पल कोरी करकरीत होती. कोल्हापुरी ओळखणारा माणूस कोऱ्या जोडाचं कौतुक हातचं राखूनच करतो.

पेन: हात बदलतो

शाईपेन हे पंपाशिवाय चालणारं नळकाम आहे. निबला मधोमध चीर असते. अरुंद फटीत द्रव आपोआप सरकतो, त्याला केशाकर्षण म्हणतात, आणि त्या जोरावर शाई टोकापर्यंत येते. निबच्या पोटाशी असलेल्या जिभेवर बारीक खाचा असतात. त्यांतून शाई खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. हवा गेली नाही तर शाई अडते, फार गेली तर डाग पडतात. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं १८८४ साली पेटंट मिळवलं ते या देवघेवीचा तोल साधणाऱ्या जिभेचं. बॉलपेनात घट्ट शाई छर्‍यावर चोळली जाते, त्यामुळे दाबून लिहावं लागतं. शाईपेनाला दाब नकोच असतो. ते नुसतं कागदावर टेकवायचं आणि न्यायचं.

नवं पेन रुसतं याचं कारण बहुधा साधं असतं: कारखान्यातलं तेल जिभेच्या खाचांत राहिलेलं असतं आणि शाई त्याच्यावरून घसरते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून निब आणि जीभ धुतली, मग साध्या पाण्यानं खळबळून वाळवली, की निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी मात्र पेनाची नसून हाताची असते. निबचं टोक ऑस्मियम, रुथेनियम यांसारख्या फार कठीण धातूंच्या मिश्रणाचं असतं. ते झिजून आपल्या वळणाचं व्हायला वर्षं लागतात. पण वर्षानुवर्षं बॉलपेन दाबायची सवय झालेली बोटं काही आठवड्यांत सैल पडतात. पेन किती तिरपं धरायचं, निबची कुठली बाजू वर ठेवायची, हे हाताला कळतं. कागदाचीही ओळख होते: वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदावर अक्षर फुटतं, वहीच्या गुळगुळीत कागदावर शाई ओली राहते आणि पान उलटताना पुसली जाते.

महाराष्ट्राचं शाईशी जुनं नातं आहे. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत भावाच्या साथीनं शाईची पूड विकायला सुरुवात केली. तिच्यावर घोड्याचं चित्र होतं. उंटाचं चित्र पुढे आलं, आणि दांडेकरांच्या या कॅम्लिन कंपनीच्या शाईनं इथल्या कित्येक पिढ्यांच्या खिशाला निळे डाग पाडले. पुढे २०११ साली जपानच्या कोकुयोनं त्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम् यांनी स्वदेशी पेनं घडवायला घेतली ती १९३०च्या दशकात. गांधीजींनी त्यांचं पेन वापरून पाहिलं आणि पसंतीचं पत्र पाठवलं. कडक रबराचं, म्हणजे एबोनाइटचं, ड्रॉपरनं शाई भरायचं पेन आजही भारतात हातानं कातून बनतं. हातात ते गार लागत नाही, आणि सुटं केलं की प्रत्येक भाग धुता येतो, बदलता येतो. दुकानदार निबच्या दोन पात्या नखानं किंचित सरळ करून पेन परत देतो, तेव्हा ते आपल्यासाठी बनलं असं वाटतं.

कष्टाचं मोल आणि कष्टाची बाजू

तिन्ही वस्तूंमध्ये आपण काहीतरी घातलेलं आहे: तेल, चालणं, लिहिणं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशोन आणि डॅन अरायली यांनी २०१२ साली याचा एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करायला सांगितले आणि मग स्वतःच्याच कृतीला बोली लावायला सांगितली. नवशिक्यांनी आपल्या वाकड्यातिकड्या पक्ष्याला जवळपास तज्ज्ञांच्या कृतीइतकीच किंमत दिली. त्रयस्थांच्या लेखी त्याच पक्ष्याला फारसा भाव नव्हता. अशाच दुसऱ्या प्रयोगात एक अटही सापडली: हातात घेतलेलं काम अर्धवट राहिलं किंवा पूर्ण करून लगेच मोडावं लागलं, तर ही माया नाहीशी होत होती. म्हणजे नुसते कष्ट पुरत नाहीत, ते फळाला आलेले दिसावे लागतात. न मुरलेल्या तव्याचा रागच येतो.

पण हे मोल वाटणं म्हणजेच रोजचा आनंद नव्हे. रोजचा आनंद, माझ्या मते, अगरबत्तीच्या हिशेबात सापडतो. मेंदूला बदल कळतो. तवा, चप्पल, पेन महिन्यामहिन्यानं थोडी बदलत राहतात, आणि चांगल्या बाजूला बदलत राहतात. म्हणून सवय त्यांना पुरती गाठू शकत नाही.

हे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. पाट्यावर वाटलेल्या चटणीची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांत स्वतः रोज पाट्यावर वाटलेल्या बायका फारशा नसतात. पहाटे उठून घरादाराच्या भाकऱ्या थापून कामावर जाणाऱ्या बाईला, न मुरवता चालणारा तवा आणि बटणावर चालणारा मिक्सर यांनी जे दिलं ते कुठल्याही मुरलेल्या तव्यानं दिलं नाही. निगा राखण्यात आनंद आहे तो ती स्वखुशीनं राखणाऱ्याला. दुसऱ्यानं राखलेल्या निगेचा आनंद फुकटचा असतो, आणि आपल्या घरांत तो बहुधा पुरुषांनी घेतलेला आहे. फ्रिज, पंखा, वॉशिंग मशीन या वस्तूंनी लक्षात राहूच नये. त्यांचं विस्मरण हेच त्यांचं यश.

एकातून दुसरं

आणखी एक सापळा आहे, आणि तो चांगल्या वस्तू हौसेनं घेणाऱ्यांसाठीच लावलेला आहे. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याला एक सुंदर लाल झगा भेट मिळाला. तो अंगावर चढवून दिदरो आपल्या खोलीत बसला, तर जुनी खुर्ची, जुनं टेबल, भिंतीवरची चित्रं सगळंच विजोड दिसू लागलं. एकेक करून त्यानं सारं बदललं आणि खिसा रिकामा झाल्यावर १७६९ साली जुन्या झग्याच्या आठवणीनं एक निबंध लिहिला. १९८८ साली ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकानं या साखळीला दिदरोचं नाव दिलं.

शाईपेनाची गोडी लागलेल्या माणसाचा प्रवास असाच होतो. पेनामागून चांगली वही येते, वहीमागून दुसऱ्या रंगाची शाई, शाईमागून तिला शोभेल असं दुसरं पेन. टेबलावर बाटल्यांची रांग लागते आणि लिहिणं मात्र तेवढंच राहतं. एका पेनानं वर्षभर लिहिलं तर हाताला वळण लागतं. बारा पेनांनी एकेक महिना लिहिलं तर बारा वेळा पहिल्या दिवसाशी गाठ पडते. बिडाच्या भांड्यांचं आणि चपलांचंही तेच. मुरणारी वस्तू हौसेखातर साठवली की ती मुरतच नाही. ती पुन्हा हवंसं वाटण्याच्या खात्यात जाऊन बसते.

२०११ साली एलिझाबेथ डन, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी, पैसे कसे खर्च केले तर समाधान मिळतं याचे काही नियम मांडले. त्यातला एक असा: थोड्या मोठ्या सुखांपेक्षा पुष्कळ छोटी सुखं घ्यावीत, कारण मोठ्या सुखाची सवय होते आणि छोटी पुन्हा पुन्हा नव्यानं येतात. सल्ला चांगला आहे, पण तो शब्दशः पाळला तर रोज काहीतरी विकत घेत राहावं लागेल. मुरणारी वस्तू ही सोय एकाच खरेदीत करून देते. पैसे एकदाच जातात आणि छोटी सुखं हप्त्याहप्त्यानं येत राहतात.

म्हणून दुकानात माझा एकच प्रश्न असतो: दोन वर्षं वापरलेली अशीच वस्तू बघायला मिळेल का? तव्याच्या दुकानात मागे दुकानदाराच्या स्वतःच्या घरचा तवा असतो, चप्पलवाल्याच्या पायात जुना जोड असतो, पेनवाल्याच्या खिशाला पेन असतं. वापरलेली वस्तू कोऱ्या वस्तूहून चांगली दिसली, तर पैसे द्यावेत. दुकानदार ती दाखवायला कचरत असेल, तर नुसतं बघून बाहेर पडावं.